डिंक मी आणला होता

३ जुलै

नवी वही. जुनी पावसात भिजली. हिच्यात फक्त खरं लिहायचं, कारण ही कोणी वाचणार नाही. वर्षाने वाचली तर तिचा मोबाईल फोडीन. बहीण असली म्हणून काय झालं.

संकल्प : रागावर कंट्रोल. सकाळी रनिंग. कॉलेजातल्या मितालीला मनातलं सांगणे, तेही आमच्या शोधाच्या लायसन्सवर कंपनीच्या सह्या होण्याआधी. नंतर सांगितलं तर तिला वाटेल, माणूस मोठा झाल्यावर बोलून राहिला. मला तसं नको.

मोठं झाल्यावर आपलं आपल्यालाच आठवत नाही म्हणतात, म्हणून थोडी माहिती लिहून ठेवतो. मी इंद्रजीत उत्तमसिंग आडे. आमचा बंजारा तांडा महागाव तालुक्यात. यवतमाळला बायोटेकच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. लोक म्हणतात काढलं. प्रॅक्टिकलचे सर सगळ्यांसमोर बोलले, हे काय तांड्यावरचं काम आहे का म्हणून. मी स्टूल फेकलं. खिडकीला लागलं, कारण सर बाजूला झाले. माफीनामा मागितला. दिला नाही.

बायोटेकच्या उज्ज्वला मॅडम तेव्हाही चांगल्या होत्या, आताही आहेत. त्यांनी बियाण्याचा लेप शोधला. पूड असते. तिच्यात मातीतला एक जिवाणू. पेरायच्या आधी बियाण्याला चोळायची. लवकर उगवतं, मुळं जाड होतात. त्याच्या ट्रायल आमच्या तालुक्यात आहेत, एक प्लॉट बाच्या वावरातच. मी फील्ड असिस्टंट. दर सोमवारी रीडिंग घेऊन यवतमाळला जायचं.

आणि 'त्यांनी शोधला' हे बोलायची पद्धत झाली. पूड बियाण्याला चिकटत नव्हती. मी सेकंड इयरला असताना याडीने, म्हणजे आईने, लाडवासाठी ठेवलेला धावड्याचा डिंक घरून नेऊन दिला. तेव्हा चिकटली. डिंक नसता तर लेप नसता. ज्याला समजायचं त्याला समजतं.

७ जुलै, सोमवार

कॉलेजच्या टेक्नॉलॉजी ट्रान्सफर सेलमध्ये मीटिंग. सेल म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि मिताली पिंपळापुरे. कॉन्ट्रॅक्टवर आहे. वडील नंदकिशोरकाका कोर्टातून रिटायर. एकदा म्हणाली होती, इंद्रजीत, तुझे रीडिंगचे आकडे किती स्वच्छ असतात. त्याला दीड वर्ष झालं. अजून तसेच काढतो.

तिने सगळ्यांना समजावलं. मॅडमचा शोध विद्यापीठाच्या नावावर राहणार. आधी पेटंटचा अर्ज. मग हैदराबादच्या कंपनीला लायसन्स. कंपनी लेप बनवेल, विकेल, विद्यापीठाला हिस्सा देईल. अर्ज जाईपर्यंत बाहेर कोणाला काही सांगायचं नाही, दाखवायचं नाही, पुडी द्यायची नाही. जे आधीच जगजाहीर झालं त्याला पेटंट मिळत नाही. हे तिने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे पाहून. मी नोंद घेतली. पाहण्याची.

गोपनीयतेच्या कागदावर सगळ्यांनी वाचून सही केली. मी न वाचता केली. विश्वास म्हणून एक गोष्ट असते.

चहाच्या वेळी म्हणाली, लायसन्स झालं तर सेल पुढे चालणार, तीही राहणार. नाही झालं तर सेल बंद. भाऊ पुण्याला आहे, बाबा म्हणतात तिकडेच नोकरी शोध. तिला यवतमाळ सोडायचं नाही. काहून सोडायचं नाही ते बोलली नाही. मी विचारलं नाही. कारण माहीत असताना विचारणं बरं दिसत नाही.

रनिंग उद्यापासून.

१४ जुलै, सोमवार

कंपनीचा माणूस आला. अभिषेक. पांढरे बूट. आमच्या प्लॉटवर हे बूट एक फेरी टिकणार नाहीत. मितालीला म्हणे, तुमचं प्रेझेंटेशन फार क्लिअर होतं. अरे, क्लिअर आहे हे आम्हाला दीड वर्षापासून माहीत आहे.

मला विचारलं, आप लेबर साइड देखते हो क्या. मी म्हणालो, मैं इन्वेंटर साइड देखता हूँ. मॅडम पाणी प्यायल्या. मिताली कागद शोधू लागली.

सेलचा शिपाई उकंडा बाहेर म्हणे, इंदरभाऊ, कायले गरम होऊन राह्यले, तो उद्या जाईन हैदराबादले, तुम्ही इथंच हा. बरोबर बोलला. मी इथंच आहे. हा माझा प्लस पॉइंट.

संकल्पात बदल : राग गिळला तर तो आला असं धरायचं नाही.

२१ जुलै, सोमवार

आज सांगणार होतो. बसमध्ये वाक्य तयार केलं. सेलमध्ये ती एकटीच होती. मी म्हणालो, मिताली, तुला एक सांगायचं आहे. ती म्हणाली, बोल ना. मी म्हणालो, आर्णीकडे पाऊस चांगला आहे. ती म्हणाली, हो का.

वाक्य वाया गेलं नाही. पुढच्या वेळेस कामी येईल. आर्णीचं झालं की हळूच पुढे सरकता येतं.

येताना कंडक्टरशी वाद. सुट्ट्यावरून. माझी चूक नव्हती. आर्णीला उतरवलं. पाऊस खरंच चांगला होता.

९ ऑगस्ट, राखी

तांड्यावर तीज बसली. तांड्याचे प्रमुख धावजी नाईक, त्यांनी परवानगी दिली, पोरींनी वारुळाची माती आणून टोपल्या भरल्या, भिजवलेला गहू पेरला. मग बोराच्या काट्यांवर भिजलेले हरभरे खोवायचे, आणि पोरांनी फांदी हलवून काटे टोचवायचे. मी हलवायला गेलो नाही. आता माझी एक पोझिशन आहे.

रोज पाणी घालायचं, गाणी म्हणायची, नवव्या दिवशी विसर्जन. जिची तीज हिरवीगार, तिला घर चांगलं मिळतं असं बाया म्हणतात. वर्षाची मागच्या वर्षी पिवळी पडली. आमची शेजारीण लालीबाई तेव्हापासून तिला पिवळी म्हणते. दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले, परत निरोप नाही. याडी म्हणते तिजेचा काही संबंध नाही. म्हणते आणि चुलीकडे वळते.

काल वर्षाने मला विचारलं, दादा, तुझं ते कॉलेजचं औषध गव्हाले चालते का? मी म्हणालो, सगळ्याला चालते. घरच्या बियाण्याला लावून पाहणं याला ट्रायल म्हणतात. ट्रायल हेच माझं काम. तिच्या ओंजळभर गव्हाला चोळून दिलं.

१३ ऑगस्ट

तांड्यात बोभाटा. वर्षाची तीज सगळ्यांच्या वर गेली. हिरवी कच्च. बाकी टोपल्यांत अजून माती दिसते. लालीबाई म्हणे, युरिया हाय यात. तिची पोरगी बबिता म्हणे, युरिया नाही, याने यवतमाळहून काहीतरी करून आणलं. करणी म्हणायचं होतं तिला. वर्षा टोपलीजवळून उठून घरात गेली. जेवली नाही.

धावजी नाईकांनी सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे सगळ्यांना बसवलं. रक्षाबंधनाला आलेले बाहेरच्या तांड्यांचे पाहुणेही होते. नाईक शांतपणे म्हणाले, देवाच्या कामात खोट नको पोरा, काय टाकलं ते सांग.

मितालीचं दोनदा सांगणं आठवलं. दुसऱ्यांदाचं जास्त आठवलं.

मागून लालीबाई म्हणाली, ज्याले कॉलेजातून हाकललं थो काय सांगन!

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. जिवाणू कोणता, कुठल्या मातीतला, गुळाच्या पाण्यात कसा वाढवायचा, पूड कशी करायची, किती बियाण्याला किती. डिंकावर तर बराच वेळ बोललो. कोणी उठलं नाही. एक म्हातारा झोपला, पण बसून. कॉलेजात माझा सेमिनार झालाच नव्हता. तो आज झाला, असं धरतो.

नाईक म्हणाले, करणी नाही, युरिया नाही, मंग एकीलेच काहून? साऱ्या पोरींले दे. घरातल्या होत्या तेवढ्या पुड्या आणून वाटल्या. पाहुण्यांनीही नेल्या. बबितालाही दिली. लालीबाईने पदरात बांधली आणि वास घेतला.

पेटंटचा विषय डोक्यात आला नव्हता असं नाही. पण बाहेर बोलू नका असं सांगितलं होतं. तांडा म्हणजे बाहेर थोडंच आहे. तांडा म्हणजे घर.

वर्षा रात्री जेवली.

१७ ऑगस्ट

आज विसर्जन झालं. पोरींनी गहू उपटून सगळ्यांच्या खिशात, फेट्यात खोवला. मला नाईकांनी स्वतः खोवला. बा दुरून पाहत होता. काही म्हणाला नाही. बाचं काही न म्हणणं म्हणजे वरचा दर्जा.

पोरांनी माझ्या भाषणाचा व्हिडिओ टाकला आहे. 'तिजेत सायन्स! इंदरभाऊ आडे यांचं मार्गदर्शन.' पुसद, दिग्रस, उमरखेडच्या ग्रुपवर फिरून राहिला. नांदेडहून एकाचा फोन आला. पावडर मागत होता.

खूप विचार करून लिंक मितालीला पाठवली. खाली लिहिलं, टेक्नॉलॉजी ट्रान्सफर डन. अंगठा नाही टाकला. साधंच ठेवलं.

निळ्या टिक लगेच आल्या. उत्तर नाही. मी समजू शकतो. असं काही पाहिल्यावर माणसाला शब्द सुचत नाहीत.

१८ ऑगस्ट, सोमवार

यवतमाळ. उज्ज्वला मॅडम ओरडतील असं उकंडा म्हणाला होता. ओरडल्या नाहीत. व्हिडिओ पूर्ण पाहिला. मी समोर उभा. माझा आवाज मोबाईलमध्ये बारीक येतो. संपल्यावर मॅडमने मोबाईल उलटा ठेवला. म्हणाल्या, अर्ज पुढच्या आठवड्यात जाणार होता रे. मग म्हणाल्या, बस. मी बसलो.

मिताली कॉम्प्युटरवर होती. तिने वर पाहिलं नाही. काम करताना ती कोणाकडेच पाहत नाही.

बाहेर उकंडा म्हणे, इंदरभाऊ, असं काय केलं तुम्ही, उज्ज्वला बाईनं आज चहा बी नाही घेतला. मी त्याला तांडा आणि बाहेर यातला फरक समजावून सांगितला. तो म्हणाला, माह्या मेव्हण्यानं मले दिग्रसहून पाठवला ना थो व्हिडिओ.

घरी आलो. जेवण झालं. झोपलो.

२५ ऑगस्ट, सोमवार

पोरांना व्हिडिओ काढून टाकायला लावला. एकाची कॉलर धरावी लागली. दुसऱ्या दोघांनी तो आधीच उतरवून आपल्या नावाने टाकला आहे, गाणं लावून. गाण्याने माझा डिंकाचा भाग दबला.

कंपनीकडे व्हिडिओ आमच्याआधीच पोहोचला होता. त्यांच्या एका दुकानदाराने अभिषेकला पाठवला. अभिषेकने फोनवर मितालीला सांगितलं, पेटंट टिकणार नसेल तर आमचे वरचे लोक पैसे कशाला देतील. हे मला मितालीने नाही, उकंडाने सांगितलं. दार उघडं होतं म्हणे.

यात एक चांगली बाजू आहे. अभिषेकचं येणं कमी होईल.

१ सप्टेंबर, सोमवार

मिताली स्वतः बोलली. कॉलेजच्या पायऱ्यांवर. माझ्या शेजारी बसली. मध्ये तिची पर्स होती, पण बसली.

म्हणाली, नागपूरच्या वकिलांनी एक वाट सांगितली आहे. शोध शोधकाला न विचारता दुसऱ्याच कोणी बाहेर फोडला असेल, तर अजून अर्ज करता येतो, फक्त उशीर नको. तू स्टॅम्प पेपरवर लिहून दे. की मी शोधक नाही. फील्ड असिस्टंट आहे. पुड्या परवानगी न घेता वाटल्या. एवढंच. कंपनी महिनाअखेरीपर्यंत थांबायला तयार आहे.

म्हणाली, इंद्रजीत, प्लीज. माझं सगळं यावर आहे.

'प्लीज' ती कोणालाही म्हणत नाही. उकंडाला म्हणते, पण ते चहासाठी.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. ती म्हणाली, यात विचार काय करायचा आहे? तिने मला 'मी शोधक नाही' असं लिहायला सांगितलं. तिच्या मनात तसं नसणार. वकिलाची भाषा आहे ती. उद्या तिच्या बाबांसमोर मी काय म्हणून उभा राहायचं? पुड्या वाटणारा म्हणून?

८ सप्टेंबर, सोमवार

प्रस्ताव मांडला. सही करतो, पण आधी पेटंटवर सहशोधक म्हणून माझं नाव घाला.

मॅडम म्हणाल्या, अरे, शोधकानेच जगाला सांगितलं असेल तर मग काही वाचवता येत नाही. तू शोधक नाहीस यावरच तर सगळं उभं आहे.

मी म्हणालो, डिंक मी आणला होता.

मॅडम म्हणाल्या, धावड्याचा डिंक आपण केव्हाच सोडला रे. बुरशी धरत होता. वर्ष झालं, आता स्टार्च वापरतो. तू व्हिडिओत सांगितलेली कृतीही त्यामुळे अर्धी चुकलेली आहे. पण पुड्या खऱ्याच वाटल्यास ना.

मी टेबलावर हात आपटला. पेनांचा डबा पडला. मिताली खाली बसून पेनं गोळा करू लागली. मी मदत केली असती, पण तेव्हा रागात होतो. रागात असताना मध्येच पेनं उचलली तर रागाला अर्थ राहत नाही.

स्टार्च तर स्टार्च. सुरुवात कोणी केली?

१२ सप्टेंबर

बाला सगळं सांगितलं. बा शेळीच्या पायातला काटा काढत होता. ऐकून घेतलं. म्हणाला, डिंक आणणाऱ्याचं नाव लागते म्हणतो, तं याडीचं काहून नाही? डबा तं तिचा होता. मग म्हणाला, अन् झाडाचं?

याडी आतून हसली. वर्षाही हसली. या घरात सायन्सवर बोलण्यात अर्थ नाही.

जाताना बा म्हणाला, त्या पोरीची नोकरी हाय ना रे त्याच्यात? देऊन टाक सही. तुह्या हाताले काय झीज होते?

मी वावरात जाऊन बसलो. रीडिंग घ्यायला गेलो होतो, पण घेतलं नाही.

१८ सप्टेंबर

धोरण ठरलं. घाई करायची नाही. सगळे दबाव टाकून राहिले, म्हणजे त्यांना माझी गरज आहे. ज्याची गरज असते त्याला किंमत असते. महिनाअखेरीला, अगदी शेवटच्या क्षणी, ते नाव घालायला तयार होतील. मग मी मोठ्या मनाने म्हणेन, राहू द्या. आणि सही करीन. मिताली तिथे असेल.

तिचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. धोरणाचा भाग.

संध्याकाळी परत पाहिलं. तिसरा नव्हता.

२२ सप्टेंबर, सोमवार

यवतमाळला गेलो नाही. रीडिंग उकंडाच्या व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्याने हात जोडलेले चित्र पाठवलं. त्याचा अर्थ त्याला विचारावा लागेल.

व्हिडिओ पाहून महागावजवळच्या तांड्यावरचे पाहुणे वर्षाला पाहायला आले होते. मुलगा पंचायत समितीत आहे. त्यांनी मला औषधाचे साहेब म्हटलं. वर्षा पसंत आहे म्हणून आजच निरोप आला. याडी रडली. लालीबाई साखर मागायला आली आणि बसून राहिली.

म्हणजे ट्रान्सफरचा फायदा झालाच. पण हे कागदावर दाखवता येत नाही.

३० सप्टेंबर

दिवसभर फोन हातात. कोणी नाव घालायला तयार झालं नाही. कोणी फोनच केला नाही. चारच्या सुमारास एक आला. बँकेचा होता. कार्ड पाहिजे का म्हणे.

२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं घेऊन यवतमाळला गेलो. ठरवलं होतं, सोनं देताना सगळं बोलायचं. नवा शर्ट घातला. कॉलेजला कुलूप. दसरा. वर गांधी जयंती. हे कोणाच्याही लक्षात आलं नसतं.

तिचं घर माहीत आहे. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. नंदकिशोरकाका गेटला तोरण बांधत होते. स्टुलावर उभे होते आणि स्टूल हलत होतं. धरायला जावं असं वाटलं. पण मी कोण म्हणून सांगायचं ते आधी ठरवायला हवं होतं. उभा राहिलो. त्यांचं बांधून झालं. ते आत गेले.

पानं बसमध्ये शेजारच्या माणसाला दिली. त्याने मला मिठी मारली. प्यायलेला होता.

६ ऑक्टोबर, सोमवार

उकंडाचा फोन. मंग इंदरभाऊ, सेल बंद करून राह्यले. मिताली मॅडमचा बुधवार पंधरा तारखेपर्यंतच हाय. कंपनीचं काय झालं विचारलं. म्हणे, मले कोण सांगते, मी तं चहा आणतो.

त्याला म्हणालो, ही सगळी प्रेशर टॅक्टिक्स आहे. तो म्हणाला, असन बा. मग म्हणाला, टेबल बी नेऊन राह्यले.

जेवलो नाही. मग भूक लागली, जेवलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

निर्णय झाला. सही करणार. हरलो म्हणून नाही. त्याग म्हणून. मोठी माणसं शेवटी हेच करतात. नाव जाऊ द्या, माणूस राहू द्या.

महागावला तहसीलसमोर टाइपिंगवाल्याकडून स्टॅम्प पेपर टाइप केला. वकिलाचा मजकूर मोबाईलमध्ये होता, मितालीने तेव्हाच पाठवला होता. नोटरी म्हणाले, मोठ्याने वाचा, समजलं पाहिजे. मी वाचलं. मी शोधक नाही. मी सदर संशोधनात कोणतीही बौद्धिक भर घातलेली नाही. मी पुड्या विनापरवानगी वाटल्या. रांगेत मागे दोन म्हातारे होते. एक दुसऱ्याला म्हणाला, पुड्यांची केस हाय. गुटखा असन.

वाचून झाल्यावर काही वाटेल असं वाटलं होतं. नोटरी म्हणाले, इथं सही. मी केली.

वाक्य परत तयार केलं. आता आर्णीचा पाऊस नाही. सरळ.

१५ ऑक्टोबर, बुधवार

यवतमाळ. सेलचं दार उघडं होतं. आत परीक्षा विभागाचे गठ्ठे येऊन राहिले होते. उकंडाच्या डोक्यावर एक होता. म्हणे, इंदरभाऊ, बाजूनं सरका, पाय देसान कोणाच्या निकालावर.

मिताली होती. खिडकीतून खाली नंदकिशोरकाका दिसत होते, स्कूटरवर बसलेले. ती टेबलावरच्या वस्तू खोक्यात भरत होती. फारसं काही नव्हतं. एक फोल्डर, चार्जर, चहाचा कप.

मी कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला. पूर्ण वाचला. म्हणाली, बरोबर आहे सगळं. मग म्हणाली, कंपनीने दुसऱ्या विद्यापीठाचा लेप घेतला, गेल्या आठवड्यात. आपली फाईल बंद झाली. रागाने नाही म्हणाली. बसची वेळ सांगावी तसं म्हणाली.

मी म्हणालो, बरं.

ती म्हणाली, मी पुण्याला भावाकडे चालले, मॅडम पुढच्या वर्षी नवीन काही करतील, तू त्यांना भेटत राहा. मी म्हणालो, हो. ती म्हणाली, वर्षाचं जमलं ना? उकंडा सांगत होता. मी म्हणालो, हो. तिने विचारलं, कधी आहे? मी म्हणालो, दिवाळीनंतर. वाक्य तिथेच कुठेतरी बोलायचं होतं. ती खोक्यात पाहत होती.

वस्तू गुंडाळायला आणलेले जुने पेपर संपले होते. कप उघडाच राहिला होता. माझा कागद अजून तिच्या हातात होता. म्हणाली, हा वापरू का? जाड आहे. मी म्हणालो, वापर ना. तिने कप त्यात गुंडाळला. कपाच्या कानाजवळ दोनदा दुमडला, नीट. मग खोक्यात ठेवला. वर चार्जर ठेवला.

खोकं मीच खाली नेलं. उकंडाचे हात गुंतले होते. नंदकिशोरकाकांनी ते पायांपाशी घेतलं. मला म्हणाले, थँक यू हं, कोण आपण? मी म्हणालो, फील्ड असिस्टंट. मिताली मागे बसली. स्कूटर गेली.

महागावच्या एसटीत आर्णीपर्यंत उभा होतो. पुढे जागा मिळाली.

पुण्यापर्यंत सामान बरंच आदळत असेल. पण कागद खरंच जाड आहे. कप फुटणार नाही.